दोन मार्कांचं हवामान

घराच्या किल्ल्या देताना घरमालकीणबाईंनी मला गीझर कसा लावायचा ते सांगितलं नाही, की कचरा कुठे टाकायचा तेही नाही. त्या मला सरळ मागच्या खोलीत घेऊन गेल्या. उत्तरेला एकच खिडकी होती, हातभर रुंद. तिच्या लाकडी झडपांचा लोखंडी अडसर त्यांनी माझ्याकडून तीनदा लावून घेतला. "त्रामुंताना आली की आधी हे. गच्चीवर काही म्हणजे काही ठेवायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सगळं घर उघडायचं." बाहेर सप्टेंबरचं पिवळं ऊन पडलेलं, समुद्र बशीतल्या पाण्यासारखा. बाईंचं वय झालंय, असं मनात म्हणून मी मान हलवली.

हे गाव म्हणजे कादाकेस. स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यात, कातालोनियात, काप दे क्रेउस नावाचं एक खडकाळ टोक भूमध्य समुद्रात घुसलंय. स्पेनच्या मुख्य भूमीचं ते सर्वांत पूर्वेचं टोक. त्याच्या कुशीत हे गाव. रोसेसहून येताना आपल्याकडच्या घाटासारखी वळणं चढायची, माथ्यावर पोटात ढवळून घ्यायचं आणि मग खाली पांढरी घरं दिसतात. वस्ती तीन हजाराच्याही आत. साल्वादोर दालीचं घर पलीकडच्या पोर्ट-लिगातच्या खाडीत असल्यामुळे उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. सप्टेंबर सरला की गाव रिकामं होतं आणि घरमालक स्वस्तात घरं देतात, पण बोली ठरलेली: जूनमध्ये खाली करायचं. बार्सिलोनातल्या भाड्याला कंटाळून मी 2024 च्या सप्टेंबरात अशी दहा महिन्यांची बोली केली. काम लॅपटॉपवरचं, कुठूनही चालणारं.

येण्याआधी इथल्या हवेबद्दल मला एकच वाक्य ठाऊक होतं आणि ते मराठीत होतं. 'भूमध्य सागरी प्रदेशात उन्हाळे कोरडे असतात व पाऊस हिवाळ्यात पडतो.' भूगोलाच्या पेपरात 'कारणे द्या'ला हे हमखास यायचं, दोन मार्कांना. उन्हाळ्यात अधिक दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकून या समुद्रावर ठाण मांडतो आणि ढगांना फिरकू देत नाही. हिवाळ्यात तो दक्षिणेला उतरला की पश्चिमेची वादळं आत येतात. एवढं लिहिलं की दोन्ही मार्क खिशात. गुहागरच्या आमच्या वर्गात बाहेर पावसाच्या पागोळ्या गळत असताना आम्ही हे पाठ केलं होतं. पाऊस हिवाळ्यात पडतो म्हणजे माणसाच्या वर्षाचं काय होतं, हे काही कोणी विचारलं नाही.

आल्या आठवड्यात मी प्लास्टिकचं एक पर्जन्यमापक घेतलं, नळीसारखं, आणि एक वही घातली. कल्पना उसनी होती. इथून दक्षिणेला लेस्तार्तीत नावाचं बंदर आहे. तिथे जुझेप पास्कुआल नावाच्या हौशी निरीक्षकाने 1970 च्या दशकापासून होडीतून जाऊन समुद्राचं तापमान मोजलं आहे. पृष्ठभागावरचं आणि खोलवरचंही, 80 मीटरपर्यंत. भूमध्य समुद्रातल्या सगळ्यांत लांब नोंदींपैकी ती एक. पृष्ठभागाचं पाणी दर दहा वर्षांना साधारण 0.3 अंशाने तापत चाललंय, हे त्या नोंदींतून दिसतं. आपण निदान दहा महिने तरी मोजू, म्हटलं.

पहिली गंमत भाषेची. इथे पाऊस लिटरमध्ये सांगतात. "काल वीस लिटर पडला" म्हणजे वीस मिलिमीटर, कारण एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. आमच्या गावात म्हातारी माणसं अजून इंचात बोलतात. मी फोनवर आईला सांगितलं की इथे वर्षाला साधारण साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पडतो, म्हणजे बावीस-चोवीस इंच. आई म्हणाली, "वर्षाला? एवढा तर आपल्याकडे आषाढात चार दिवसांत होतो गं."

तेवढाही सप्टेंबरात पडत नव्हता. तीन वर्षांच्या दुष्काळातून कातालोनिया नुकता कुठे मान वर काढत होता. 1 फेब्रुवारी 2024 ला बार्सिलोना आणि जिरोनाच्या भागात सरकारने पाण्याची आणीबाणी लावली होती, माणशी दिवसाला 200 लिटरची मर्यादा घालून. आमच्या बाजूला पाणी येतं बोअडेलाच्या धरणातून, आणि त्याचा तळ लोकांनी डोळ्यांनी पाहिला होता. टेकड्या करड्या, गवत कुरकुरीत, झुडपांना हात लावला तर पानं चुरायची. हुबेहूब आपला वैशाख. फरक एवढाच की समोर समुद्र अंगासारखा उबदार होता. सगळा उन्हाळा तो ऊन पीत बसतो आणि ऑक्टोबरपर्यंत सोडत नाही. पुढे जूनमध्ये कडक उन्हात मी पाण्यात शिरले तेव्हा दात वाजले होते.

मग ती आली. वारा इथे स्त्रीलिंगी आहे, ला त्रामुंताना, पर्वतापलीकडची. ऑक्टोबरातली दुपार होती. आकाश अचानक इतकं निळं झालं की कोणीतरी ओल्या फडक्याने पुसून काढल्यासारखं. वर बदामाच्या आकाराचे दोन गुळगुळीत ढग, वारा असूनही जागचे हलत नव्हते. शेजारच्या आजोबांनी ते पाहिले आणि गल्लीतल्या कुंड्या आत ओढायला सुरुवात केली. मला ते ढग सुंदर वाटले म्हणून मी फोटो काढत बसले. गच्चीवर चादर वाळत होती आणि शेजारी तुळशीची कुंडी.

अर्ध्या तासात सुरू झालं. आमच्याकडचं वादळ पावसासकट येतं, अंधारून येतं, त्याला काहीतरी चेहरा असतो. हे लख्ख उन्हात. आवाज आधी तारांमधून, मग कौलांखालून, मग घराच्याच पोटातून. बाईंनी तीनदा लावून घेतलेला अडसर मला एकदाही लागेना, कारण झडप बाहेरून कोणीतरी ओढून धरल्यासारखी. शेवटी खांदा लावून बंद केली. तुळशीची कुंडी गेली. चादर तिसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या फड्या निवडुंगावर सापडली, इतक्या ठिकाणी टोचलेली की चाळण म्हणून वापरता आली असती.

तीन दिवस, तीन रात्री. शंभर किलोमीटरच्या वर झोत जाणं इथे बातमी नाही. कारण तसं सोपं आहे: पश्चिमेला जास्त दाब, जेनोव्हाच्या आखाताकडे कमी दाब, आणि मध्ये पिरेनीजची भिंत. उत्तरेची थंड हवा भिंत ओलांडू शकत नाही तेव्हा ती समुद्राकडच्या टोकाशी, जिथे डोंगर ठेंगणा होतो, तिथून घुसते. आणि ते टोक म्हणजे आमचं अंगण. नकाशावर हे समजायला एक मिनिट लागतं. दुसऱ्या रात्री तीन वाजता जागं राहून ते समजत नाही. माणूस कारण नसताना चिडतो. पावाच्या दुकानातल्या मुलीने मला सुटे पैसे अंगावर फेकल्यासारखे दिले आणि मी तिला काहीतरी वाकडं बोलले. चौथ्या दिवशी दोघीही ओशाळून हसलो. जरा तऱ्हेवाईक माणसाला इथे 'त्रामुंताना लागलेला' म्हणतात. आपल्याकडे वारं प्यालेलं वासरू असतं, तसं इथे आख्खं गावच्या गाव.

पण तिला शिव्या देऊन चालत नाही. आजोबांनीच दटावलं. खालच्या एम्पुर्दाच्या मैदानात पूर्वी दलदली होत्या, तापाच्या साथी यायच्या. त्या हवेला या वाऱ्याने धुऊन काढलं अशी श्रद्धा आहे, आणि फिगेरेसहून रेकेसेन्सच्या देवळापर्यंत या वाऱ्याच्या नावाने यात्रा निघत आली आहे. वाऱ्यासाठी नवस! मला ते लगेच पटलं. आम्ही नाही का नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देत. मैदानात फिरताना मग दिसू लागलं की प्रत्येक शेताच्या उत्तरेला सरूची उंच रांग आहे आणि जुन्या घरांच्या उत्तरेच्या भिंती जवळजवळ आंधळ्या आहेत. आमच्या घरी मे महिन्यात पश्चिमेच्या पडवीला झापं बांधतात. ज्या दिशेने मार खायचा त्या दिशेला घर पाठ करतं. आमचं पश्चिमेला, इथलं उत्तरेला.

पोहायला आणि होड्यांना मात्र तिचा त्रास कमी. खाडीचं तोंड आग्नेयेला, त्यामुळे त्रामुंताना पाण्याला किनाऱ्यापासून बाहेर लोटते. काठाशी पाणी सपाट आणि दूर बाहेर सगळं पांढरं. कोळी ज्याला खरे घाबरतात तो ल्येवांत, पूर्वेचा वारा. तो लाटा सरळ खाडीत आणतो आणि पाऊसही. उन्हाळी दुपारचा नैर्ऋत्येचा गर्बी हा आपल्या खाऱ्या वाऱ्यासारखा, गरीब. आठ दिशांचे आठ वारे, आठ नावं. डिसेंबरपर्यंत मी वहीत तापमान लिहिणंच सोडलं होतं. वाऱ्याचं नाव लिहिलं की त्यात बाकी सगळं आलंच.

ल्येवांतची ओळख नोव्हेंबरात झाली. त्याआधी 29 ऑक्टोबरला वालेन्सियात ते भयंकर झालं. आमच्यापासून चारशेहून अधिक किलोमीटर दूर, पण समुद्र तोच आणि वारा तोच. तुरीस नावाच्या गावात एका दिवसात 771 मिलिमीटर पाऊस पडला, आणि पुरात दोनशेहून अधिक माणसं गेली. आईचा फोन आला तेव्हा तिने आधी 26 जुलैच आठवली. 2005 सालच्या त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला होता आणि माझा मामा कुर्ल्याहून अंधेरीला चालत गेला होता. फरक मला तेव्हा नीट कळला. मुंबईला जुलैत पाऊस येणार हे तरी ठरलेलं असतं. इथे तापलेला समुद्र वाफ देत बसलेला असतो, वर थंड हवेचा एखादा तुकडा मूळ प्रवाहापासून तुटून येऊन थांबतो, आणि मग सहा महिन्यांचं देणं एका दुपारी वसूल होतं. जुने लोक याला गोता फ्रेदा म्हणतात, थंड थेंब. बातम्यांत त्याला 'दाना' म्हणतात.

आमच्या गावच्या मधून एक रिएरा जाते, म्हणजे पऱ्या. वर्षातले बहुतेक दिवस कोरडा ठणठणीत, म्हणून लोक त्याच्या पात्रातच गाड्या लावतात. आल्या आल्या मला ते खटकलं होतं. कोकणात पोरसुद्धा पऱ्यात सायकल ठेवणार नाही. मी आजोबांना म्हटलंही, "पाणी आलं तर?" ते म्हणाले, "पाणी? यावं बाई एकदाचं."

8 नोव्हेंबरला, शुक्रवारी, आलं. आजूबाजूच्या टेकड्या पाटीच्या दगडाच्या, त्यावर हातभर माती. तीही दुष्काळात भाजून कौलासारखी झालेली. पाणी मुरायला जागाच नाही. डोंगरावर पडलेलं सगळं एकदम पऱ्यात उतरलं आणि तीसेक गाड्या उचलून घेऊन गेलं. मी खाली गेले तेव्हा पुलापाशी त्या एकमेकींवर चढलेल्या होत्या, एकीचा इशारा-दिवा अजून लुकलुकत होता. माणूस कोणी दगावलं नाही. वालेन्सियाला दहाच दिवस झाले होते, त्यामुळे कोणी कोणाला हसत नव्हतं, फार बोलतही नव्हतं. आजोबा काठी टेकून बघत उभे होते. मी त्यांच्या बाजूला उभी राहिले, पण मागचं बोलणं काही काढलं नाही. घरी येऊन नळी पाहिली तर ती काठोकाठ भरलेली. शेवटची रेघ चाळीसची होती, म्हणजे खरा पाऊस किती ते मला कधीच कळणार नाही. त्या दिवसाच्या रकान्यात मी 'नळीबाहेर' असं लिहिलं.

त्यानंतर दोन आठवड्यांत टेकड्या हिरव्या झाल्या. नोव्हेंबरात! मला ते पाहून चक्क मृगानंतरच्या पहिल्या पंधरवड्याचा वास आला. म्हणजे इथला मृग ऑक्टोबरातला आणि जून-जुलै हाच इथला मेलेला हंगाम, जेव्हा झाडं जीव मुठीत धरून बसतात. पर्यटक नेमके त्याच वेळी येतात आणि 'काय सुंदर हवा' म्हणून जातात, याचं मला आता हसू येतं.

ऑलिव्ह वेचायला आजोबांबरोबर दोन दिवस गेले. झाडाखाली जाळी अंथरायची, छोट्या दाताळ्याने फांद्या विंचरायच्या, पाठ मोडेस्तोवर. मजुरीत दोन बाटल्या तेल मिळालं. पण मला तिथे तेलापेक्षा बांध दिसले. चारी बाजूंच्या टेकड्यांवर माथ्यापर्यंत सुके दगड रचलेले बांध, हजारो पायऱ्या, आणि त्यांतल्या बहुतेकांवर नुसती झुडपं. एकोणिसाव्या शतकात एका किडीने द्राक्षवेली खाल्ल्या, तेव्हा इथून कितीतरी लोक क्यूबाला गेले. उरलेल्यांनी ऑलिव्हवर भिस्त ठेवली. आणि 1956 च्या फेब्रुवारीत अशी थंडी पडली की झाडं बुंध्यापर्यंत फुटली. आजोबा तेव्हा शाळकरी होते. रात्री खोडं तडकल्याचे आवाज घरात ऐकू यायचे, म्हणाले, फटाक्यांसारखे. त्यानंतर बांधांवर पुन्हा कोणी फारसं चढलं नाही. एका महिन्याच्या हवेने गावाचा धंदाच बदलला.

थंडी. आकडे पाहिले तर हसाल: दिवसा बारा-तेरा, रात्री पाच-सहा. पण घरं दगडाची, फरशी उघडी आणि हीटर म्हणजे नारिंगी सिलिंडरवर चालणारी एक शेगडी. साडेबारा किलोचा तो सिलिंडर चढणीच्या गल्लीतून वर आणताना जी ऊब येते तेवढीच खरी. त्यात ल्येवांत आठवडाभर टिकला की भिंतींना ओल. कपाटामागे बुरशी, पुस्तकं फुगलेली, मीठ पाझरलेलं. श्रावणातलं घर, पण बर्फाच्या पाण्यातलं. मी ओल शोषणारं यंत्र आणलं, रोज त्याची बादली ओतत होते, बुरशी काही हटेना. बाईंना फोन केला तर त्या वैतागल्या. "मी सांगितलं होतं ना, दुसऱ्या दिवशी सगळं उघडायचं?"

मग कळलं. जानेवारीत त्रामुंताना सुटली, पहिला दिवस अडसर लावून काढला, दुसऱ्या दिवशी जोर जरा उतरल्यावर सगळी दारं-खिडक्या सताड उघडली. कोट घालून स्वयंपाकघरात बसले. चार तासांत भिंती कोरड्या, पुस्तकांची पानं खडखडीत, गाद्या हलक्या. यंत्राला महिना लागला असता. त्या संध्याकाळी मला आईने धाडलेले पोह्याचे पापड गच्चीवर वाळवायचा मोह झाला, पण चादरीची आठवण ठेवून आतच ठेवले.

त्याच महिन्यात एके सकाळी समुद्र मागे गेलेला दिसला. वीतभर, पण इथे वीतभर म्हणजे खूप. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावापुरती, वीस-तीस सेंटिमीटर. जानेवारीत हवेचा दाब चढला की तोच पाण्याला दाबून ठेवतो, एक मिलिबारला साधारण एक सेंटिमीटर. त्या दिवसांना 'जानेवारीचा उतार' असं नावच आहे. वारा शून्य, पाणी काच, गोटे उघडे पडलेले. मी आईला व्हिडिओ दाखवला. ती बराच वेळ पाहत राहिली. "याला भरतीच येत नाही? मग समुद्र कसला, तळं म्हण की." मी तिला 2020 च्या जानेवारीत याच तळ्याने 'ग्लोरिया' नावाच्या वादळात काय केलं ते सांगितलं, खालच्या तोसा दे मार गावात रस्त्यांवर कमरेएवढा फेस शिरला होता. तिचं मत बदललं नाही.

फेब्रुवारीत बदाम फुलले. मार्च सगळा ढगात गेला, एकामागून एक वादळं, धरणं भरत आल्याच्या बातम्या, दुकानात अनोळखी माणसंसुद्धा एकमेकांना टक्केवारी सांगत होती. बांधांवर रानटी शतावरीचे कोंब वेचायला गर्दी. मे महिन्यात पिवळ्या फुलांनी टेकड्या पेटल्यासारख्या दिसल्या. खरं पेटण्याची भीती त्यानंतर सुरू होते. 2012 च्या जुलैत ला झुंकेरातली आग याच त्रामुंतानाच्या पाठीवर बसून तेरा हजार हेक्टर खाऊन गेली होती. मेअखेर माझी नळी कोरडी पडली आणि वहीत रोज एकच शब्द, गर्बी.

त्याच आठवड्यात, 25-26 मेला, कोकणात पाऊस दाखल झाला. मुंबईत तर इतका लवकर पूर्वी कधी आल्याची नोंदच नाही. आईचा फोन संध्याकाळी आला, मागे पत्र्यावरचा आवाज इतका की तिचं निम्मं बोलणं कळेना. झापं बांधायची राहिलेली, लाकडं अंगणातच, साठं अर्धी ओली, आमसुलं तर गेलीच. "आगोटीला अजून पंधरा दिवस आहेत म्हणून निवांत होते गं. याला आता कॅलेंडर पाठवायला हवं."

जूनमध्ये बाई घर ताब्यात घ्यायला आल्या. कपाट सरकवून मागची भिंत पाहिली, हात फिरवला, काही बोलल्या नाहीत. उत्तरेचा अडसर एकदा लावून काढला. मग गच्चीवर गेल्या. मी नळी मुद्दाम कठड्याला बांधून ठेवली होती. सप्टेंबरात जो कोणी येईल त्याला उपयोगी पडेल, म्हटलं.

"गच्चीवर काही ठेवायचं नाही," बाई म्हणाल्या, आणि तार सोडवून नळी माझ्या हातात दिली.

बार्सिलोनाच्या बसमध्ये बसल्यावर आईला विचारलं, रात्री किती पडला. "असेल चार इंच," ती म्हणाली. चार इंच म्हणजे शंभर मिलिमीटर. पिशवीतून डोकावणाऱ्या नळीवरची चाळीसची रेघ पाहिली आणि मी ती कपड्यांच्या खाली सारली.